लाल पेट्रोलचा निळा डाग

पेट्रोलचं रेशन अजून उठलेलं नाही. कूपन फाडल्याशिवाय गॅलन मिळत नाही. आणि तरी बेळगावात कोल्हापूरच्या रस्त्याला परवा एक पाटी रंगवून तयार झालेली मी पाहिली : 'लवकरच येत आहे. उंची लाल पेट्रोल. जादा ताकद, जादा वेग.' रंगारी ब्रश पुसत होता. मी सायकलवरून उतरलो आणि त्या गरीब रंगाऱ्यावरच ओरडलो. तो म्हणाला, "मिस्त्री, मला कशाला बोलताय? लिहून दिलं ते रंगवलं." खरंच होतं त्याचं. पण माझा राग रंगाऱ्याला विचारून येत नाही.

या अंकाच्या संपादकांनी पत्र पाठवलं होतं की, मोटारच्या धंद्यातल्या काही गमतीजमती लिहा. पत्राच्या खाली आपला एक खाजगी प्रश्नही जोडला होता. युद्ध संपलं, गाडी बाहेर काढायची आहे, तर ते महागातलं लाल पेट्रोल घेण्यात काही अर्थ आहे का? मी पंचवीस वर्षं इंजिनांत हात घातले. लोकांनी मला सगळ्यात जास्त वेळा विचारलेला प्रश्न हाच. आणि याच प्रश्नापायी एका चांगल्या ड्रायव्हरच्या हातातलं चाक गेलं. चोर दुसराच होता, पण चाक काढून घेतलं ते मी. तेव्हा गमती हव्या असतील तर त्यांनी दुसरा मिस्त्री बघावा.

आधी प्रश्नाचं उत्तर देऊन टाकतो.

इंजिनात पिस्टन वर येतो आणि पेट्रोलची वाफ दाबतो. पुरती दाबली गेली की ठिणगी पडते, वाफ पेटते, आणि पिस्टन खाली ढकलला जातो. झोपाळ्यावर पोराला झोका देतो तसंच आहे हे. झोपाळा पुरता मागे आला की ढकलायचं, मग तो छान जातो. तो मागे येत असतानाच ढकललात तर तुमचं मनगट मुरगळेल आणि पोरगं पडेल. काही नव्या इंजिनांत वाफ फार दाबतात. साधं पेट्रोल तेवढा दाब सोसत नाही, वेळेआधी आपसूक भडकतं, आणि वर येणाऱ्या पिस्टनच्या डोक्यात हातोडा बसतो. चढावर गाडी ठणठण वाजते ती त्याच हातोड्यांनी. लाल पेट्रोल दाब सोसतं आणि ठिणगी पडेपर्यंत दम धरतं. त्यात ताकद जास्त नसते, सोशिकपणा जास्त असतो. जुन्या, कमी दाबाच्या इंजिनाला हा सोशिकपणा लागतच नाही. त्याला लाल घातलं काय आणि साधं पांढरं घातलं काय, सारखंच. जादा दाबाच्या इंजिनाला मात्र पांढरं घातलंत तर ते स्वतःला मारून घेतं. गाडीबरोबर आलेलं पुस्तक उघडा, त्यात लिहिलेलं असतं. संपलं उत्तर.

आणि तो लाल रंग ताकदीचा नव्हे. त्या पेट्रोलात शिशाचं विष मिसळलेलं असतं. कुणी त्यानं हात धुऊ नये, त्यावर स्टोव्ह पेटवू नये, म्हणून ओळखू यावं यासाठी कंपनी रंग घालते. धोक्याची खूण! आमच्या लोकांनी तिचं कुंकू केलं.

युद्धाच्या आधी मी तात्यासाहेबांच्या गॅरेजमध्ये हेडमिस्त्री होतो. गॅरेजच्या दारात त्यांचाच पंप. हातानं दांडा मारायचा. वर गॅलनभराची काचेची भांडी, त्यांत पेट्रोल चढताना गिऱ्हाइकाला दिसायचं. साधं पेट्रोल पाण्यासारखं, बघण्यासारखं त्यात काही नाही. लाल चढायला लागलं की गिऱ्हाईक गाडीतून उतरून उभं राहायचं. एक पेन्शनर मामलेदार होते, त्यांची गाडी माझ्या आतेभावाच्या टांग्यापेक्षा हळू चालायची. ते महिन्यातून एकदा तिला लाल पाजायचे. म्हणायचे, "मिस्त्री, आज कशी तरतरीत वाटते बघा!" मी मान हलवायचो. शहाण्या माणसाच्या कौतुकात आपण कशाला खडा टाका?

पण खरी चंगळ दसऱ्याला. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा, मागाची पूजा आणि मोटारींचीही पूजा. हेडलाइटला झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू, बॉनेटवर हळदकुंकू. आणि सणाच्या दिवशी गाडीला गोडधोड म्हणून लाल पेट्रोल, अशी चालच पडली होती. खानापूरच्या लाकडाच्या लॉऱ्यासुद्धा त्या दिवशी लालच्या रांगेत. वर्षभर त्या बापड्यांना रॉकेलची भेसळ पोटात घालून चालवायचे आणि एका दिवशी पुरणपोळी.

असाच एक दसरा जवळ आला होता. तात्यासाहेब माझ्याकडे आले आणि सहज विचारावं तसं म्हणाले, "गणपत, खरं सांग. या लालनं फरक किती पडतो रे?"

मला कुणी ज्ञान विचारलं की मी फुगतो. खासबागच्या मागावाल्याचा पोरगा, चौथी शिकलेला, आणि मालक मला विचारताहेत! झोपाळ्यापासून सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "आपल्याकडं येणाऱ्या बहुतेक गाड्यांना काडीचा फरक पडत नाही. लोक रंग बघून पैसे देतात."

"असं होय," म्हणाले आणि गेले. मी विसरून गेलो. ते विसरले नाहीत.

आता परसूची गोष्ट सांगतो. परसू सदलग्याचा. निपाणीच्या बाळगोंडा अण्णांचा ड्रायव्हर. अण्णा तंबाखूचे मोठे व्यापारी. त्यांनी मुंबईहून नवी अमेरिकन गाडी आणली होती, जादा दाबाच्या इंजिनाची. आमच्या भागात अशा गाड्या एका हाताच्या बोटांवर मोजाव्यात इतक्याच. पुस्तकात स्पष्ट लिहिलेलं : लालच घाला. निपाणीला लाल मिळत नव्हतं म्हणून परसू आठवड्याला बेळगावला येऊन आमच्याकडून टाकी भरायचा आणि वर दोन डबे घेऊन जायचा. त्याला अक्षर ओळखता येत नव्हतं. पण तो गाडी कानानं चालवायचा. गॅरेजच्या फाटकातून गाडी आत येईपर्यंत तो सांगायचा, तिच्या मागच्या चाकाचं बेअरिंग कोरडं पडलंय. गाडी त्याची नसायची, दुसऱ्या कुणाची असायची. आम्ही चाक काढायचो, आणि बेअरिंग कोरडं निघायचं.

तो दसरा झाला आणि दिवाळीच्या सुमाराला परसू पहिल्यांदा म्हणाला, "गणपा, इंजान बोलाय लागलंय रं. सुतगट्टीच्या चढाला ठणठण कराय लागलंय."

मी म्हणालो, "नवी गाडी आहे, रुळेल."

महिन्याभरानं परत आला. "गणपा, तुमचं लाल खरं न्हाय वाटतंय. डब्यातलं आन टाकीतलं, दोन्ही तसलंच. आधी असं वाजत न्हवतं."

मी हसलो. लाल खरं नाही म्हणजे काय? काचेच्या भांड्यात रोज माझ्या डोळ्यांसमोर चढत होतं, डाळिंबाच्या रसासारखं. मी त्याला गाडी फिरवून दाखव म्हणालो का? नाही. चढावर बरोबर गेलो का? नाही. आज सांगायला लाज वाटते, पण सांगतो. ज्याला वाचता येत नाही तो मला पेट्रोल शिकवतोय, याचा मला राग आला होता.

तिसऱ्यांदा आला तेव्हा गॅरेजमध्ये पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत बसले होते. तो म्हणाला, "एकडाव तरी चल माझ्याबरबर. कान लावून बघ. न्हाय वाजलं तर मी मिशी काढतो."

मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "परसू, गाडीच्या इंजिनाला नव्हे, तुझ्या उजव्या पायाला औषध पाहिजे. चढावर गिअर बदलायचा आळस करतोस आणि पेट्रोलला नावं ठेवतोस."

ड्रायव्हर हसले. परसू हसला नाही. त्यानं टाकी भरून घेतली, दोन डबे घेतले आणि गेला. संक्रांतीनंतर आठ-दहा दिवसांत बाळगोंडा अण्णांची गाडी तवंदीच्या घाटात बंद पडली. बेळगावच्या कोर्टात अण्णांची तारीख होती, ती चुकली. दोन बैलजोड्या लावून गाडी उलटी निपाणीला ओढत नेली. रस्त्याकडेच्या रानातली माणसं बांधावर येऊन बघत होती म्हणे.

मला बोलावणं आलं. अण्णांच्या वखारीच्या अंगणात मी इंजिन उघडलं. भोवती दिवाणजी, हमाल, तंबाखू निवडणाऱ्या बायका, सगळा गाव. तिसऱ्या सिलिंडरचा पिस्टन बाहेर काढला. त्याचं डोकं उंदरानं भाकरी कुरतडावी तसं खाल्लेलं, मधोमध भोक. मी जन्मात इतका मारलेला पिस्टन पाहिला नव्हता.

असा पिस्टन दोन कारणांनी होतो. एक, पेट्रोल हलकं. दोन, ड्रायव्हर चढावर वरच्या गिअरमध्ये गाडी रेटत राहिला तर. लाल पेट्रोल आमच्या पंपाचं होतं, मी स्वतः दांडा मारून दिलेलं. तेव्हा पहिलं कारण मी विचारातसुद्धा घेतलं नाही.

अण्णा म्हणाले, "मिस्त्री, एक सांगा. गाडीचा दोष, का माणसाचा?"

मी पिस्टन हातात वर धरला आणि मोठ्यानं सांगितलं, "माणसाचा. गाडी रेटून मारलेली आहे."

परसू माझ्याकडे बघत होता. तो एवढंच म्हणाला, "गणपा, तुला ठावं हाय मी तसला न्हाय."

आमच्या धंद्यात त्या वेळी मिस्त्रीचा शब्द म्हणजे कोर्टाचा निकाल. वर अपील नाही. त्याच दिवशी परसूची नोकरी गेली. नुसती नोकरी गेली असती तर दुसरी मिळाली असती. पण संकेश्वरपासून कोल्हापूरपर्यंत मोटारमालक असे होते किती? पंधरा दिवसांत सगळ्यांना कळलं की, सदलग्याचा परसू इंजिन मारतो. कुणी त्याला बैलगाडीसुद्धा हाकायला दिली नसती. तो निपाणीतच दुसऱ्या एका वखारीत तंबाखू झोडपायच्या कामाला लागला. निपाणीला ज्यांनी ते काम पाहिलं आहे त्यांना सांगायला नको. बाहेरच्यांसाठी सांगतो : वाळलेली तंबाखू काठीनं झोडपून चाळतात, तोंडाला फडकं बांधून. आत गेलं की समोरचा माणूस धुळीनं दिसत नाही. नवा माणूस पहिले आठ दिवस नुसता ओकतो.

मी माझ्या कामाला लागलो. मला झोप नीट लागत होती, हेही कबूल करतो.

पुढचा दसरा आला. वर्षभर माझ्या अंगात खाकी, तेलानं काळी पडलेली. पण खंडेनवमीला मी पांढरा शर्ट घालायचो. पूजा झाल्यावर एका गाडीच्या टाकीतून नळीनं पेट्रोल ओढताना बाहीवर लाल सांडलं. घरी येऊन शर्ट धुण्यात टाकला.

माझी मोठी बहीण आक्का आमच्याच घरी असायची. तिचं सारं आयुष्य सुताला रंग देण्यात गेलं. शहापूर-वडगावच्या मागांना लागणारं सूत ती घरी रंगवायची. तिच्या दोन्ही हातांची नखं कधी कोऱ्या रंगाची पाहिली नाहीत. दुसऱ्या दिवशी परड्यात ती कपडे धूत होती. तिनं मला हाक मारली. सोड्याच्या पाण्यातून शर्टाची बाही वर काढून धरली होती. बाहीवरचा डाग निळा झाला होता.

"गणपा, कुनाच्या केसाचं त्याल सांडून घेतलंस रं अंगावर? खरं सांग, वैनीला सांगत न्हाय."

"तेल कसलं? पेट्रोल आहे ते. लाल पेट्रोल."

"मला रंग शिकवतोस व्हय? ह्यो रतनजोताचा डाग. त्यालात घातलं की लाल, सोड्यात घातलं की निळा. दुसरा कुठला रंग असला रंग बदलत न्हाय. तुमचं पेट्रोल काय बायकांच्या डोसक्याला लावत्यात?"

रतनजोत म्हणजे एक मुळी. काष्ठौषधीच्या दुकानात मिळते. केसांच्या तेलाला लाल रंग यावा म्हणून बायका ती तेलात टाकून ठेवतात. आणि तेलात उतरणारा रंग पेट्रोलात आणखी झटकन उतरतो. मी तिथेच धुण्याच्या दगडावर बसलो. आक्का म्हणाली, "काय झालं रं? तोंड का असं केलंस?"

मी गॅरेजमधून आमच्या लालची बाटली भरून आणली. कॅम्पातल्या एका साहेबाच्या ड्रायव्हरकडून कंपनीच्या सीलबंद डब्यातलं लाल आणलं. दोन्ही बाटल्यांत आक्कानं हातानं सोड्याचं पाणी घातलं, बूच लावलं, हलवलं आणि उंबऱ्यावर ठेवलं. कॅम्पातल्या बाटलीत वर लाल, खाली स्वच्छ पाणी. आमच्या बाटलीत तळाचं पाणी निळंशार.

मी ती बाटली घेऊन तात्यासाहेबांकडे गेलो. मला वाटलं होतं, माणूस घाबरेल, नाही म्हणेल, शपथा घेईल. त्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि मला मागच्या खोलीत नेलं. पिंपाचं झाकण काढून एक दोरी वर ओढली. तिच्या टोकाला रतनजोताची पोटली होती. लोणचं मुरलं का बघावं तशी त्यांनी ती दाखवली.

"मागच्या दसऱ्याला लाल संपलं. दारात रांग. सणाच्या दिवशी गिऱ्हाईक परत पाठवायचं का? लोकांना लाल हवं, लाल दिलं; मग पुढंही तेच चालू ठेवलं. कुणाचं काय बिघडलं?"

"तवंदीच्या घाटात पिस्टन बिघडला! परसूचं घर बिघडलं!"

"त्याचा निकाल तू दिलास, गणपत. मी नाही," ते शांतपणे म्हणाले. "आणि ही कल्पना तरी कुणाची? बहुतेक गाड्यांना काडीचा फरक पडत नाही, लोक रंग बघून पैसे देतात, हे मला कुणी सांगितलं?"

मी हातातली बाटली भिंतीवर फोडली. नोकरी त्याच मिनिटाला सोडली. राग आला तो त्यांचा आला, पण ते खोटं एक अक्षर बोलले नव्हते म्हणून दुप्पट आला. सगळ्या गाड्यांबद्दल बोलताना मी ती एक गाडी विसरलो होतो, जिला फरक पडतो. कंपनीच्या तपासनिसाला कळवलं. तो आठ दिवसांनी सांगूनसवरून आला. तोपर्यंत पोटली गेली होती आणि पिंपात खरं लाल होतं. तपासनीस चहा पिऊन गेला.

मग मी निपाणीला बाळगोंडा अण्णांकडे गेलो. सगळं सांगितलं, पाया पडायचा बाकी राहिलो. अण्णा सज्जन माणूस. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं खरं असंल मिस्त्री. पर आता नवा ड्रायवर घेतलाय, बरा चालवतोय. आन खरं सांगू का? ज्याच्या हाताखाली गाडी एकडाव मोडली त्याच्या हातात परत द्यायला मन धजत न्हाय. पायगुण म्हणून काय असतंय की." पायगुण! इंजिनात पायगुण! माझी चूक मी परत घेतली, तरी परसूवरचा डाग काही निघेना.

परसूकडे जायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. मी एक कागद लिहिला होता : बाळगोंडा अण्णांच्या गाडीचा पिस्टन खराब पेट्रोलमुळे गेला, परशुराम ड्रायव्हरचा काही दोष नव्हता, मी खोटा निकाल दिला. खाली माझी सही. तो घेऊन वखारीत गेलो. दारातच ठसका लागला. आतून काठ्यांचे आवाज येत होते. परसू फडकं सोडत बाहेर आला. भुवया, पापण्या, सगळ्यांवर पिवळी धूळ.

मी सगळं सांगितलं. त्याला काहीच नवल वाटलं नाही. मी चिडून विचारलं, "तुला माहीत होतं तर त्या दिवशी अण्णांपुढं बोलला का नाहीस?"

"बोललो की. तीनदा बोललो. तुला."

मी कागद पुढे केला. त्यानं तो घेतला नाही.

"मला वाचाय येत न्हाय, तुला ठावं हाय. तूच वाच. हितं न्हवं, आत चल. आन मोठ्यानं वाच. त्या दिशी मोठ्यानंच सांगितलंतस."

आत गेलो. परसूनं हात वर केला, तशा काठ्या थांबल्या. वीस-पंचवीस माणसं, फडक्यांच्या वर नुसते डोळे. मी वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या ओळीला खोकला आला, थांबलो, परत पहिल्यापासून वाचलं. 'मी खोटा निकाल दिला' इथे माझा आवाज बसला. परसू म्हणाला, "ऐकू आलं न्हाय मागच्यांना." मी ते वाक्य परत वाचलं. एक म्हातारी बाई फडक्याआडून म्हणाली, "मग आता ह्याला गाडी मिळंल व्हय?" परसूनं माझ्या हातातून कागद घेतला, त्याची घडी करून कमरेला खोचली आणि काठी उचलली.

तो कागद त्यानं चार-पाच मालकांना दाखवला. वाचून परत दिला त्यांनी. मी खासबागेत लहानसं दुकान टाकलं होतं, पंप आणि स्टोव्हपासून सगळं दुरुस्त करत होतो. ड्रायव्हर ठेवण्याची ऐपत माझी नव्हती. ज्या कुणाची गाडी माझ्याकडे यायची त्याला परसूचं नाव सांगायचो. लोक पायगुणाचं सांगायचे. वर्षं अशीच गेली.

मग युद्ध आलं आणि सांबऱ्याला विमानतळ झाला. मी तिथे लॉऱ्यांच्या दुरुस्तीला लागलो. तिथल्या विमानांचं पेट्रोल हिरवं असायचं, उंचीतलं उंची. ते चोरून आणून द्या म्हणून एक लॉरीवाला माझ्या मागे लागला होता. त्याची लॉरी दोन फुंकरींत विझेल अशी. काहीही न ऐकता मी त्याला फाटकाबाहेर हाकललं. तो बिचारा अजून विचारत असेल, मिस्त्री एवढा का चिडला?

सांबऱ्याला ड्रायव्हर हवे होते, शेकड्यांनी. तिथे पायगुण कुणी विचारत नव्हतं. मी स्वतः निपाणीला जाऊन परसूला घेऊन आलो. तो वाळला होता, पण चाकावर बसल्यावर त्याची पाठ पूर्वीसारखी ताठ झाली. परीक्षा घेणारा गोरा हवालदार शेजारी बसला होता. परसूनं लॉरी धावपट्टीच्या कडेनं फिरवली, मागे घेतली, खड्ड्याच्या काठावर उभी केली. उतरता उतरता मला म्हणाला, "मागच्या डाव्या ब्रेकात काय तरी घासतंय बघ." आम्ही ड्रम उघडला. खडा निघाला. हवालदारानं कागदावर शिक्का मारला, आणि मी एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

डॉक्टरकडे जाणं तेवढं उरलं होतं. मी तंबूबाहेर उभा राहिलो. पाच मिनिटांत परसू शर्टाची बटणं लावत बाहेर आला.

"काय झालं?"

"न्हाय म्हनला. छातीत धूळ बसलीया. आत घरघर कराय लागलंय म्हनं."

मी डॉक्टरशी भांडायला आत निघालो. परसूनं माझा दंड धरला.

"ऱ्हाऊ दे गणपा. त्याचं काय चुकलं? लई हुशार डाक्टर हाय. एकडावच कान लावला, आन आत काय बिघडलंय ते खरं सांगितलं."

तो हे रागानं बोलला असता तर मला सोसलं असतं. तो खरोखरच डॉक्टरचं कौतुक करत होता.

परत येताना एका लॉरीत मागे बसलो. युद्धातलं पेट्रोल, सगळ्यांना एकच, हलकं. गावाकडच्या चढाला लागलो आणि इंजिन ठणठणायला लागलं. परसूला माझ्याआधी ऐकू आलं असणार. पण तो तोंड फिरवून रस्त्याकडे बघत राहिला. मी उठलो आणि केबिनवर मुठी आपटत ड्रायव्हरला ओरडलो की, गाडी थांबव, आधी गाडी थांबव.